दुकानातल्या गोल काठीचा बाण होतो, पण प्रत्येक काठीचा होत नाही

तासगाव तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या क्रीडाशिक्षकांनी विचारले आहे : शाळेत बांबूची चार धनुष्ये आली आहेत, २० ते २८ पौंडांची (पौंड म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर). सातवी-आठवीची बारा मुले शिकायला तयार आहेत. तयार बाण परवडत नाहीत, शिवाय मुलांच्या हातून ते तुटतात, हरवतात. सांगलीत हार्डवेअरच्या दुकानात ८ मिलिमीटर जाडीच्या तीन फुटी गोल लाकडी काठ्या मिळतात. त्यांचे बाण करता येतील का, आणि केले तर मुलांच्या हातात द्यावेत का?

सर, करता येतात आणि देताही येतात. पण दोन्ही प्रश्नांचे उत्तर काठी कशी निवडली यावर आहे. पिसे, रंग, टोक ही पुढची कामे हौसेने होतात. निवडीचे काम कंटाळवाणे आहे, म्हणून लोक ते टाळतात आणि तिथेच घात होतो.

माझे काम फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, बनवण्याचे. कुपवाड एमआयडीसीत आयुष्य गेले, त्यामुळे लाकूड हातात घेतले की आधी त्याची रेघ बघायची सवय आहे. तरीही २०११ मध्ये मी घाईत एक काठी न बघता घेतली. ४० पौंडांचे धनुष्य होते. सोडल्याबरोबर बाण मधोमध तिरका चिरला आणि मागचा अर्धा, सुरीसारखा झालेला, डाव्या हाताच्या अंगठ्याच्या बुंध्यात घुसला. मिरजेला जाऊन तो काढून घ्यावा लागला. महिनाभर रंधा धरता आला नाही. उरलेला तुकडा नंतर उजेडात धरला तर रेघ इतकी तिरकी होती की दुकानातच दिसायला हवी होती. तेव्हापासून काठी निवडण्यात मी घाई करत नाही, आणि तुमच्याकडे तर दुसऱ्यांची मुले आहेत.

तर रेघ म्हणजे काय ते आधी सांगतो. झाड वाढते तेव्हा लाकडाचे तंतू खोडाच्या लांबीने जातात. लाकूड फोडून काठी काढली तर ती तंतूंच्या मागे जाते. दुकानातली काठी मात्र फळी चिरून, तिची चौकोनी पट्टी काढून, मशिनमधून गोल करून येते. मशिनला तंतू कुठे चालले आहेत ते कळत नाही. फळी थोडी तिरकी चिरली गेली असेल तर गोल काठी बाहेरून अगदी सरळ दिसते, पण आतले तंतू एका बाजूने शिरून दुसऱ्या बाजूने बाहेर पडलेले असतात. अशी काठी दोरीचा धक्का बसला की त्याच तिरक्या रेषेवर फाटते. खुर्चीच्या जोडात किंवा पडद्याच्या दांडीत याने काही बिघडत नाही, म्हणून दुकानदाराचाही यात दोष नाही. त्याने काठी बाणासाठी आणलेली नसते.

माझा नियम असा : काठीच्या एका कडेने आत शिरलेली रेघ फूटभराच्या आत पलीकडच्या कडेने बाहेर पडली, तर ती काठी बाद. दीड-दोन फूट सोबत चालली तर चालेल. टोकापासून टोकापर्यंत गेली तर ती काठी वेगळी बांधून ठेवा, ती मोठ्यांच्या धनुष्याला उपयोगी पडते. पाइनमध्ये रेघा फिकट-गडद अशा स्पष्ट दिसतात. आपल्याकडे फर्निचरला वापरतात त्या स्टीम बीचमध्ये वाढीच्या रेघा पुसट असतात, पण त्यावर बारीक तपकिरी टिकल्या दिसतात. त्या टिकल्या तंतूंच्या दिशेनेच लांबट असतात. त्या काठीच्या लांबीला समांतर आहेत का ते बघा. तरीही शंका आली तर शाईच्या पेनाचा एक थेंब काठीवर टेकवा. शाई तंतूंच्या वाटेने ओढली जाते आणि खरी दिशा दाखवते. विकत घेतलेल्या काठीवरच हे करा. दुकानात करायचे तर आधी विचारा.

गाठ असलेली काठी घेऊ नका, गाठ कितीही छोटी असो. पाइनमध्ये गाठीभोवतीची रेघ वळसा घेते आणि बाण तिथेच तुटतो. मग काउंटरच्या काचेवर काठी लोळवा. थोडी डुलली तर हरकत नाही, एकाच बाजूचा लांब बाक सरळ करता येतो. नागमोडी, दोन ठिकाणी उलटसुलट वाकलेली मात्र सोडून द्या. माझ्या अनुभवात दहातल्या तीन-चार काठ्या राहतात. एखादा गठ्ठा पूर्णच बाद निघतो. म्हणून एकदम शंभर आणू नका. वीस आणा, त्यातून सहा बाणांचा एक संच उभा करा, मग पुढचे ठरवा. दुकानदाराला आधी सांगून ठेवले की आपण निवडून घेणार, दर थोडा जास्त लागला तरी चालेल, तर तो कुरकुरत नाही.

काठ्या आणल्यावर लगेच कापू नका. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत एवढी ओल असते की काठी पाणी धरून बसते. बीच तर ओलीला फारच लवकर हलते, रात्रीत वाकते. काठ्या सैल बांधून घरात, उंच जागी, आडव्या ठेवा. पत्र्याखालच्या भट्टीत किंवा थेट उन्हात नको, तिथे एका बाजूने वाळून त्या कमान होतात. दोन-चार काठ्यांवर नंबर घालून दर तीन दिवसांनी स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर वजन करा. वजन उतरायचे थांबले की लाकूड तयार. २०१९ च्या पुरात आमच्या शेडमध्ये पाणी आले तेव्हा माझ्या चाळीस काठ्या भिजल्या होत्या. तीन महिने वाळवून त्यातल्या अकराच कामाच्या राहिल्या. बाकीच्यांना पीळ बसला होता, आणि पीळ काही केल्या निघत नाही.

साधा बाक काढायला गॅसच्या मंद आचेवर ती जागा फिरवत गरम करा, हाताला चटका बसेल इतपतच, लाकूड काळे पडता कामा नये. मग फुगीर बाजूवर अंगठा ठेवून सरळपेक्षा थोडे पलीकडे वाकवा आणि गार होईपर्यंत धरा. एका डोळ्याने बंदुकीच्या नळीसारखे बघत तीन-चार वेळा करावे लागते. काही काठ्या दुसऱ्या दिवशी परत मूळपदावर येतात. दोनदा आलेली काठी सोडून द्यावी.

आता कडकपणा. हे समजले नाही तर सुंदर बाणही भरकटतो. बांबूच्या धनुष्यात बाण मुठीच्या बाजूला टेकलेला असतो, मधून जात नाही. दोरी मात्र त्याला मध्याकडे ढकलते. त्यामुळे सुटताना बाण आधी वाकतो, मुठीला वळसा घालतो, मग लवलवत सरळ होत पुढे जातो. फार कडक असला तर वळसा घेत नाही, उजव्या हाताने मारणाऱ्याचा बाण डावीकडे जातो. फार लवचिक असला तर उजवीकडे जातो. म्हणून काठीचा वाक धनुष्याच्या ओढीशी जुळवावा लागतो.

मोजायला महागडे यंत्र लागत नाही. एका फळीवर ६६ सेंटिमीटर अंतराने दोन खिळे आडवे ठोका आणि काठी त्यांवर ठेवा. मध्यावर ९०७ ग्रॅम वजन टांगायचे, म्हणजे २ पौंड. एक लिटरची बाटली काट्यावर ठेवून बाटलीसकट तेवढे भरेल इतके पाणी घाला, झाले वजन. काठी मध्यावर किती मिलिमीटर खाली आली ते स्टीलच्या पट्टीने मोजा आणि ६६० ला त्या आकड्याने भागा. उत्तर पौंडांत येते, म्हणजे तेवढ्या ओढीच्या धनुष्याला ती काठी जुळते. २२ मिलिमीटर वाकली तर ३० पौंडांची काठी, साडेसव्वीस वाकली तर २५ ची, साडेसोळा वाकली तर ४० ची. ८ मिलिमीटरची पाइन साधारण २५ च्या आसपास निघते, चांगली बीच ३० किंवा थोडी वर. म्हणजे तुमच्या धनुष्यांना ही जाडी योग्यच आहे.

एक गोष्ट लक्षात ठेवा. धनुष्यावर लिहिलेले पौंड बहुधा २८ इंच ओढीचे असतात. तेरा वर्षांचे मूल २४-२५ इंचच ओढते, आणि इंचामागे साधारण २ पौंड कमी होतात. २८ पौंडांचे धनुष्य त्याच्या हातात २२ चेच असते. म्हणून सगळ्यांत कडक काठ्या मुलांना देऊ नका, २५ च्या आसपासच्या द्या. बाण लांब ठेवला किंवा टोक जड लावले की तो आणखी लवचिक वागतो. तुम्हाला बाण लांबच ठेवायचे आहेत, तेव्हा २७-२८ ची काठीही खपून जाते.

आणि काठी घासून बारीक करायचा मोह आवरा. गोल काठीचा कडकपणा जाडीच्या चौथ्या घाताने बदलतो. ८ चा साडेसात मिलिमीटर केला तर जाडी फक्त सहा टक्क्यांनी उतरते, पण कडकपणा जवळपास पाव भागाने जातो. तीच गोष्ट उलट : ९ मिलिमीटरची काठी ८ पेक्षा दीडपटीहून अधिक कडक असते. म्हणून ‘जाड घेऊ, मजबूत होईल’ हा हिशेब बाणाला लागू नाही. जाड काठी मुलांच्या धनुष्याला फक्त चुकीची ठरते. २२० नंबरच्या पॉलिश पेपरने गुळगुळीत करण्यापुरतेच घासा.

मोजताना काठी पाव फेरा फिरवून पुन्हा मोजा. दोन आकडे वेगळे येतात. ज्या बाजूला बारीक समांतर रेघा दिसतात ती सहसा जास्त कडक असते, आणि तीच बाजू धनुष्याच्या मुठीकडे हवी. वर आणि खाली, जिथे रेघा निमुळत्या भाल्यासारख्या दिसतात, त्यांतली वरच्या बाजूची टोके बाणाच्या पुढच्या दिशेने रोखलेली ठेवा. म्हणजे कधी चिरलाच तर फाट हाताकडे न येता वर आणि पुढे जायची शक्यता जास्त. ही खूण पेन्सिलीने आत्ताच करा, कारण खाच याच हिशेबाने पाडायची आहे.

दोरीची खाच रेघांना आडवी पडली पाहिजे. रेघेच्या दिशेने पाडली तर दोरीच पाचरीचे काम करते आणि काठी मागून फुटते. मोठ्यांसाठी मी हॅक्सॉची तीन पाती एकत्र चिकटवून साडेसहा-सात मिलिमीटर खोल खाच पाडतो आणि तिच्या लगेच पुढे पॉलिस्टरचा दोरा गुंडाळून त्यावर गोंद भरतो. मुलांसाठी मात्र प्लॅस्टिकचे नॉक, म्हणजे दोरीची खाच असलेली तयार टोपी, लावा. ते ऑनलाइन मिळतात, ८ मिलिमीटरला ५/१६ इंचाचे. त्यासाठी मागचे टोक ११ अंशात निमुळते करावे लागते. जाड रंगीत पेन्सिलीचा शार्पनर त्या उताराच्या बराच जवळ जातो. गोंद लावायच्या आधी नॉक बसवून ते डुगडुगत नाही ना, ते बघा.

लांबी मुलाच्या पूर्ण ओढीपेक्षा किमान तीन इंच जास्त ठेवा. मुले उत्साहात जास्त ओढतात. आखूड बाण मुठीच्या मागे घसरला तर सुटताना थेट हातावर येतो. २८ इंच सरसकट ठेवलेत तर मुले उंच होईपर्यंत पुरतात.

टोकांसाठी खिळे ठोकू नका, त्याने काठी पुढून फुटते. कुपवाडला कुठलाही लेथवाला ८ मिलिमीटर बाहेरच्या मापाची, आत ५ अंशांच्या उताराची, बोथट गोलसर नाकाची टोके नमुना दिला की करून देतो. साडेसहा ग्रॅमचे टोक म्हणजे बाजारातले १०० ग्रेनचे. पूर्ण बाण बोटावर तोलला तर तो मध्यापेक्षा सहा-सात सेंटिमीटर पुढे तोलला पाहिजे. असा बाण साधारण २५-२६ ग्रॅमचा होतो. २२ पौंडांच्या ओढीला हे वजन भरपूर आहे. बाण संथ जाईल, पण धनुष्याला धक्का कमी बसेल आणि १०-१५ मीटरला तो व्यवस्थित पोहोचेल. हलका बाण धनुष्याला अपाय करतो, जड नाही.

पिसे तीन, चार इंचांची, टर्कीची किंवा हंसाची. एका बाणावर सगळी एकाच पंखाची हवीत, सगळी डाव्या किंवा सगळी उजव्या. मिसळली तर बाण फिरायचे सोडून लडखडतो. प्लॅस्टिकची पाती इथे नकोत. मुठीला घासताना पीस दबते आणि पुन्हा उभे राहते, प्लॅस्टिक आपटून बाणाला बाजूला फेकते. तिन्हींतले एक पीस वेगळ्या रंगाचे घ्या, ते मुठीच्या उलट बाजूला यायला हवे. नदीकाठी सापडलेली घार-घुबडाची पिसे मुलांना आणू देऊ नका, वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ त्याच्या आड येतो. पिसांच्या दोन्ही टोकांना दोऱ्याचे चार वेढे द्या, नाहीतर सुटलेले पुढचे टोक बोटात घुसते. पिसे लावण्याआधी काठीला पीयूचे (पॉलियुरेथेन वार्निशचे) दोन पातळ हात द्या. चपड्याचे पॉलिश दिसते छान, पण आपल्या पावसाला ते पुरत नाही. तेल लावलेल्या काठीवर पीस चिकटतच नाही.

संच लावताना सहा बाणांचा वाक दोन-तीन मिलिमीटरच्या आत आणि वजन दीड ग्रॅमच्या आत जुळवा. शिकाऊ मुलांना एवढे पुरते. पण जुळवाच, कारण बाण वेगवेगळे वागले तर चूक आपली की बाणाची हे मुलाला कधीच कळत नाही आणि ते निराश होते. मी हे डोळ्यांनी पाहिले आहे. पिसे लावण्याआधी त्यातला एक बाण तुम्ही स्वतः आठ मीटरवरून मारून बघा. उजवीकडे गेला तर लवचिक आहे, लांबी अर्धा-अर्धा इंच कमी करत या, मुलाच्या ओढीपेक्षा तीन इंच जास्त या मर्यादेच्या खाली मात्र जाऊ नका. डावीकडे गेला तर टोक थोडे जड लावा.

आदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेती झाली, साताऱ्याची मुलगी, तेव्हापासून आपल्या भागात गावोगावी मुले धनुष्य मागतात. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव त्याआधी टोकियो ऑलिम्पिकला जाऊन आला. मला याचा फार आनंद आहे. पण आदिती मारते ते कंपाउंड, म्हणजे टोकांना चाके असलेले धनुष्य, आणि लाकडी बाण कंपाउंडला कधीही लावायचा नाही. त्याचा धक्का लाकूड सोसत नाही. उद्या कुणी पालक घरचे कंपाउंड घेऊन मैदानावर आला तर हे बाण त्याच्यापासून दूर ठेवा. लाकडी बाण कमी दर्जाचा मात्र समजू नका. जागतिक तिरंदाजी संघटनेच्या थ्रीडी स्पर्धांत, म्हणजे प्राण्यांच्या प्रतिकृतींवर मारण्याच्या स्पर्धांत, लाँगबो (साधे लांब धनुष्य) गटाला लाकडीच बाण सक्तीचे आहेत.

मैदान शाळेचे असेल तर निशाणाच्या मागे काय आहे ते आधी पाहा. उसाच्या फडाकडे तोंड करून मारू नका, आत माणूस असला तरी दिसत नाही. बारदानात चिंध्या घट्ट भरून केलेले निशाण चांगले, बाण त्यात अडकतो आणि अख्खा निघतो. दगडाच्या कंपाउंडवर एकदा आपटलेला बाण बाहेरून धड दिसला तरी आतून गेलेला असतो.

म्हणून रोजचा नियम : मारण्याआधी आणि प्रत्येक चुकलेल्या फेरीनंतर बाण दोन्ही हातांत धरून, चेहऱ्यापासून लांब, थोडा वाकवायचा आणि पाव-पाव फेरा फिरवत चारही बाजूंनी वाकवायचा. बारीक ‘टक्’ ऐकू आले, रेघ उचललेली दिसली किंवा बोटाला कुस लागली, की तो बाण संपला. गोंद भरून, दोरा गुंडाळून तो परत वापरायचा नाही. हे तपासायला मुलांनाच शिकवा, पण पहिले काही महिने तुम्ही शेजारी उभे राहा. धनुष्य धरणाऱ्या हातात जाड कातडी हातमोजा आणि डोळ्यांना साधा पारदर्शक चष्मा असू द्या.

बाद झालेला बाण मात्र तसाच कोपऱ्यात टाकू नका. तिथल्या तिथे गुडघ्यावर नाही, करवतीने दोन तुकडे करा आणि टोक काढून घ्या. नाहीतर दुसऱ्या दिवशी, बाण कमी पडले की, एखादे पोर तोच उचलून दोरीला लावते.